घोट्याएवढ्या पाण्याचा आवाज

हौसा,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याची माणसं पांगली, मोठी पातेली ज्याची त्याच्या घरी पोचली, सुंदरा काल दुपारच्या एस्टीनं सासरी गेली. आता घरात मी आणि म्हैस. म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडत नाही. तू धार काढताना तिच्याशी बोलत बसायचीस. मला म्हशीशी काय बोलावं ते कळत नाही. माणसांशीही कळत नव्हतं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

शाळेतल्या गुरुजींकडून ही वही आणली. तिसरी शिकलेला माणूस काय लिहिणार, पण तुझ्याशी तोंडानं बोलायला गेलो की भिंत समोर येते. कागदावर निदान ओळ पुढं सरकते.

देवीच्या ओटीपासून सुरू करतो. सगळं तिथनंच सुरू झालं.

सुंदराचं पहिलं बाळंतपण आडलं होतं. तू तुझ्या मावशीनं सांगितलेल्या देवीला बोललीस, पोरीची सुटका नीट झाली तर खणानारळानं ओटी भरीन. मावशी तुझी मुंबईला गिरणीवाल्याला दिलेली, आणि गिरणी सुटल्यावर तो तिला घेऊन आपल्या गावी गेला, सावंतवाडीच्या पुढं, पार गोव्याच्या कडेला. गोवा तेव्हा फिरंग्याच्या हातात होता. मी म्हणालो, "देवी काय मुळशीत न्हाईत का? एवढ्या लांबची कशाला धरलीस?" तू म्हणालीस, "त्या टायमाला जी तोंडात आली ती धरली. आता तिला काय सांगू, लांब पडतीस म्हनून?"

दिवाळी झाली आणि आपण निघालो. आपलं भात अजून पिकायचं होतं, पंधरा दिवस हातात होते. पुण्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून सावंतवाडी. आंबोलीच्या घाटात तुला एस्टी लागली आणि तू माझ्या पटक्यात ओकलीस. मी चिडलो. तू म्हणालीस, "धुवून दीन की. पटकाच हाय, राज्य न्हाई बुडालं." मागच्या बाकावरची माणसं हसली. मग मीही हसलो. त्या प्रवासातलं तेवढं हसू मला नीट आठवतं, कारण त्यानंतर आपण दोघं मिळून असं कधी हसलो, ते शोधावं लागतं.

सकाळी तुझ्या मावसभावाच्या, भिकाजीच्या पडवीत पेज प्यायलो. तो म्हणाला, "भावोजीनु, देवळात जाताना वाट व्हाळाच्या कडेकडेन जाता. व्हाळाच्या पलीकडे पाय टाकू नकात हां. थंय फिरंग्याची हद्द."

व्हाळ म्हणजे ओढा, एवढं मला कळलं. मी मान हलवली. मनात म्हणालो, हद्द असली तर दिसंल की. देशाची हद्द म्हणजे भिंत असंल, तार असंल, काहीतरी मोठं असंल. आपल्याकडं हद्द म्हणजे बांध. माझ्या बापाची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली त्याला इतकी वर्षं झाली, तरी त्याचा बांध पाण्याखाली कुठून कुठं जातो ते मी काठावर उभा राहून बोटानं दाखवीन. हद्द माणसाला ठाऊक असती, असं मला वाटायचं. तिथं ओढा होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. अलीकडं भाताची खाचरं, पलीकडं भाताची खाचरं. चिखल तोच. बगळे इकडचे तिकडं उडत होते.

आणि पलीकडच्या खाचरात ते भात उभं होतं.

तुला आठवतं, आपल्याकडं आदल्या साली काय झालं होतं? धरणावरनं वारं सुटलं आणि लोंब्या भरलेलं सगळं भात लोळलं. दर तीन सालाला एकदा हे व्हायचंच. आणि इथं हे भात, उशिरा पिकणारं गरवं, दाण्यानं जड, आणि काड अशी सरळ की कुणी दोरी लावून उभी केल्यासारखी. दाण्यावर तांबूस छटा. मी बघतच राहिलो. भातवाल्या माणसाला दुसऱ्याच्या शेतात चांगलं पीक दिसलं की चार लोंब्या खुडायच्या, धोतराच्या सोग्यात बांधायच्या, घरी आणून बियाण्याला लावायच्या. माझ्या बापानं केलं, मी केलं, माझ्याही खाचरातनं लोकांनी नेल्या. मालक बघत असला तरी काही म्हणत नाही, उलट आणखी दोन काढून देतो. बियाण्याची चोरी नसते.

मी ओढ्यात पाय टाकला.

तुम्ही सगळे पुढं होता. तू, भिकाजी, त्याची बायको आणि तिची जाऊ. तू मागं वळून बघितलंस. आधी हाक मारलीस, "अवो!" मी हात वर केला, आलोच म्हणून. मग परत, "अवो, तितं नगा!" मी तोवर पलीकडच्या बांधावर. चार लोंब्या खुडल्या, पाचवीला हात घातला.

आणि तू माझं नाव घेतलंस.

"धोंडिबा! धोंडिबा, म्हागं फिरा!"

लग्नात उखाण्यात घेतलं होतंस तेवढंच. तेही बायकांनी ढोसून ढोसून. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत तुझ्या तोंडात माझं नाव आलं नव्हतं. रेशनच्या कागदावर नवऱ्याचं नाव विचारलं तर तू शेजारणीला सांगायला लावायचीस. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, ही तुझ्या आईनं घातलेली भीती. आणि उघड्या माळावर, माहेरच्या माणसांसमोर, तू ते मोठ्यानं ओरडलीस.

हौसा, ती हाक मला ऐकू आली होती.

स्पष्ट ऐकू आली. ऐकली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. भिकाजीसमोर बायकोनं नावानं हाक मारली, आणि आता मी लगेच वळलो तर मी काय तिच्या हाकेवर चालणारा बैल? म्हणून मी वळलो नाही. मुद्दाम आणखी चार पावलं पुढं गेलो आणि सहावी लोंबी खुडली. एवढंच कारण. दुसरं कसलंही कारण नव्हतं.

तू पळत आलीस. लुगडं भिजलं, ओटीचं सामान तसंच काखेत. येऊन माझा दंड धरलास. त्याच वेळी बांधामागनं दोन शिपाई उठले. ते आधीपासूनच तिथं बसलेले होते. बंदुका बघून माझ्या हातातल्या लोंब्या गळून पडल्या. भिकाजी पलीकडनं ओरडत राहिला, पण पाण्यात उतरला नाही. त्याला हद्द ठाऊक होती.

त्यांच्या चौकीत मराठी जाणणारा एक कारकून होता. आपल्या दोघांना ओसरीवर उभं केलं, तुला खांबापाशी, मला पायरीवर. त्या दिवसांत आपल्याकडची माणसं सत्याग्रहाला हद्द ओलांडून जायची, कुणी झेंडे न्यायचं, कुणी चिठ्ठ्या. त्यांना वाटलं आपणही त्यातलेच. कारकून म्हणाला, "आधी कोण आला? बाप्या की बाई?"

मी म्हणालो, "बाई."

"कशाला आली?"

"तिचं तिला इचारा."

तू दहा पावलांवर होतीस. तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही बघितलंस. आपण बाजारात एखादी वस्तू उचलून बघतो ना, ही आपलीच का दुसऱ्या कुणाची, तसं बघितलंस. मग कारकुनाकडं वळलीस आणि म्हणालीस, "व्हय. म्या आदी आले. देवीला फुलं तोडायला. ह्ये मला आनायला म्हागनं आलं."

पुढं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, की बाईमाणूस आहे, दोन शब्द बोलून सोडतील असं वाटलं म्हणून मी तसं बोललो. ते खोटं आहे. त्या घटकेला मला काहीच वाटलं नव्हतं. भ्यालो होतो. बाकी सगळं मागनं जोडलेलं.

त्यांचा हिशेब वेगळा निघाला. आधी येणारा तो निरोप्या, मागून येणारा चुकलेला. मला नऊ दिवसांनी ओढ्यावर आणून सोडलं. तुला आत, मोठ्या गावच्या चौकीत नेलं.

आणि मी थांबलो नाही, हौसा. हे त्याच्याहून वाईट. भिकाजीच्या पडवीत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी म्हणालो, घरी भात उभं आहे, कापणी खोळंबली. भिकाजी म्हणाला, "भावोजीनु, बायल थंय आणि तुमी भात कापूक जातात?" मी म्हणालो, "मी हितं बसून काय फिरंगी सोडनार हाय का?" त्यानंतर तो रोज ओढ्यावर जाऊन शिपायांना विचारत राहिला. मी घरी येऊन भात कापलं.

गावात आलो तेव्हा पारावर पहिल्यांदा विचारलं ते सोनाबाईनं, आपल्या शेजारच्या. "हौसा कुटं हाय?"

"धरून ठिवलीय फिरंग्यानं."

"आन् तू सुटलास?"

मग मी बोललो. "तिलाच पल्याड जायचा नाद. मी नगं म्हनत व्हतो. बायकांचं आयकून घराबाहेर पडू नये."

सोनाबाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "बया!" तेवढ्यानं सुरुवात झाली. तू परत यायला दोन महिने लागले, आणि तेवढ्यात गावानं तुझ्याबद्दल जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. परमुलखात, शिपायांच्या चौकीत एकटी बाई. मी तिथंच बसलेलो असायचो. चंची सोडायचो, पान लावायचो, आणि गप्प.

पौषात मी राबासाठी, भाताच्या रोपाची जागा भाजायला, ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत होतो. खाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघतो तर तू. हाडं वर आलेली, लुगडं तेच, शेजारी भिकाजी, हातात पिशवी. मी फांदीवर तसाच. तू वर बघून म्हणालीस, "अवो, उतरता का वरच ऱ्हाता? मावशीकडचा पाव्हना आलाय."

भिकाजीला पाव्हना म्हणालीस. स्वतःबद्दल काहीच नाही. मी उतरलो आणि तुझ्याऐवजी भिकाजीला म्हणालो, "बरं झालं आलात."

घरी आल्यावर तू ओटीचा खण सोडलास. नारळ शिपायांनी घेतला होता, खण देवाचा म्हणून तुझ्याकडं राहू दिला होता. त्याच्या घडीत त्या लोंब्या. माझ्या हातातनं गळालेल्या, तू चिखलातनं उचललेल्या, सहाच्या सहा. दोन महिने कैदेत तू ते बी उराशी सांभाळलंस. वाळून खडखडीत झालेलं, पण उंदरानं एक दाणा खाल्लेला नाही. तू म्हणालीस, "यवढ्यासाठीच गेला व्हता न्हवं? घ्या." मी ते घेतलं आणि उतरंडीत ठेवलं. तुला विचारलं नाही की तिथं कशी होतीस, काय खाल्लंस, कुणी मारलं का. तू दोनदा सांगायला गेलीस. मी म्हणालो, "झालं ते झालं. उगाच कशाला काढायचं." मला वाटलं, ऐकायला बसलो तर तू पायरीवरच्या त्या शब्दापाशी येशील.

मग तू म्हशीला सांगितलंस. मी गोठ्याच्या कुडामागं उभा राहून ऐकलं. तिथं बायकांच्या खोलीवर मारी नावाची एक म्हातारी राखणीला होती. तू तिच्याबरोबर भात कांडायचीस. तिला तू हातावरची भाकरी शिकवलीस आणि तिची पहिली भाकरी फाटली तेव्हा दोघी पोट धरून हसलात. तुला सोडलं त्या दिवशी ती रडली. "ग्वाड म्हातारी व्हती ग," असं तू म्हशीला म्हणत होतीस. म्हणजे तुला कुणी हात लावला नव्हता, कुणी वाकडं बोललं नव्हतं. हे मला त्या दिवशीच कळलं. हेच मी पारावर जाऊन सांगितलं असतं तर निम्मी तोंडं बंद झाली असती. पण मग लोकांनी पुढचं विचारलं असतं, की मुळात ती तिकडं गेलीच कशी. म्हणून मी गेलो नाही.

आठ दिवसांनी संक्रांत आली. तू वेणीफणी करून, नवं लुगडं नेसून उंबऱ्याशी बसलीस. सोनाबाईकडं बायका जमल्याचं आपल्या अंगणात ऐकू येत होतं. तुला बोलवायला कुणी आलं नाही. ऊन परसाकडं गेलं तेव्हा उठलीस, आपली सुगडं उचलून तुळशीपुढं ठेवलीस, तुळशीलाच हळदकुंकू लावलंस आणि चुलीकडं गेलीस. मला म्हणालीस, "तीळगूळ घ्या." मी घेतला. गोड बोला म्हणायचं असतं, ते काही तू म्हणाली नाहीस.

सुंदराच्या सासऱ्यानं निरोप धाडला, सून माहेरी येणार नाही. दोन वर्षं लेक आली नाही. नातू चालायला लागला ते आपण ऐकलं, बघितलं नाही. आणि सगळ्या गावानं तुझं नाव गोवेकरीण पाडलं.

ते बी मात्र उगवलं. पहिल्या साली राबाच्या एका कोपऱ्यात मूठभर. दुसऱ्या साली एक पट्टा. तिसऱ्या साली वारं सुटलं तेव्हा सगळ्या शिवारात भात झोपलं आणि आपलं एक खाचर उभं राहिलं. मग लोक आले. त्या भातालाही लोकांनी गोवेकरीणच म्हणायला सुरुवात केली. हातात सूप घेऊन सोनाबाई दारात आली, "हौसा, गोवेकरणीचं बी दे की थोडं." तुझ्या तोंडावर. तू तिला भरून दिलंस, वर आणखी एक ओंजळ टाकलीस. ती गेल्यावर मी ओरडलो, "तिला कशाला? तुला हळदीकुंकवाला बोलवत न्हाई ती!"

तू म्हणालीस, "ती न्हाई बोलवत, मला ठावं हाय. ती का बोलवत न्हाई, ते तुमाला ठावं हाय."

मी गोठ्यात निघून गेलो.

आपली भांडणं पुष्कळ झाली. मिठावरनं, म्हशीवरनं, माझ्या तंबाखूवरनं. पण तू वर्षा-दोन वर्षांनी एकच गोष्ट विचारायचीस, भांडणात नाही, असंच, निवडता-टिपता. "त्या दिशी माझी हाक आयकू आली व्हती का वो तुमाला?" आणि मी म्हणायचो, "न्हाई. वढ्याच्या पान्याचा आवाज व्हता." मला वाटायचं यात तुझंही भलं आहे. नाव घेतल्याचं पाप तुझ्या मनात सलत असणार. नवऱ्यानं ऐकलंच नाही म्हटलं की पाप फिटलं. तू कारकुनापुढं माझा दोष अंगावर घेतलास तोही त्या पापापायी, असंही मी मनात ठरवून टाकलं होतं. फार सोयीचं होतं ते मला.

गोवा सुटला तेव्हा तू म्हणालीस, आता हद्द न्हाई, चला, देवीची ओटी राहिलीय. मी म्हणालो, पुन्हा त्या वाटेला नाही. तू एकदाच विचारलंस. ती ओटी अजून राहिलेलीच आहे.

तू गेलीस त्या दुपारी सुंदरा पाणी गरम करत होती. तू डोळे उघडलेस आणि परत तेच विचारलंस. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "हाक आयकू आली व्हती का?"

त्या घटकेलाही, हौसा. मरणाच्या दारातल्या माणसाला मी म्हणालो, "न्हाई ग. पान्याचा आवाज व्हता."

तू हसलीस. "घोट्यायवढं पानी," म्हणालीस, "त्याचा कसला आवाज." आणि भिंतीकडं तोंड केलंस.

तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुला कबुली हवी होती असंही नसेल. फक्त एकदा मी "व्हय" म्हणावं, एवढंच असेल. चार पावलांचं अंतर, आणि मी ते इतक्या वर्षांत चाललो नाही.

दहाव्याला धरणाच्या काठावर पिंड ठेवला. मी मनात ठरवून गेलो होतो, कावळा शिवला नाही की सगळ्यांसमोर बोलायचं. सुंदरा बसली होती, सोनाबाई होती, अर्धा गाव होता. शब्दही जुळवून ठेवले होते. मी हात जोडून मागं सरलो आणि माझी पाठ वळायच्या आत कावळा शिवला. लोक म्हणाले, "समाधानानं गेली हो बाई." मी तसाच घरी आलो. कावळ्यानंही मला अडवलं नाही. तुझं माझ्याकडं काही मागणंच उरलं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

मग तेराव्याला अडवणारं कुणी नसताना बोललो. पंगत बसली होती. भात तेच, आपल्या कणगीतलं. वाढून झालं होतं, माणसं घास उचलणार, तेवढ्यात मी उभा राहिलो. म्हणालो, "थांबा. ह्यो भात खायच्या आदी आयका. पल्याड आदी मी गेलो व्हतो, ह्या भातासाटी. हौसा मला आनायला आली. चौकीत मी खोटं बोललो. हितं पारावरबी मी खोटं बोललो. तिनं काय केलं न्हवतं. तिला कुनी काय केलं न्हवतं." मारी म्हातारीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. हाकेचं नाही सांगितलं. ते तुझं-माझं आहे.

पंगतीच्या टोकाला कुणीतरी म्हणालं, "जेवान गार व्हतंय." सोनाबाई बायकांच्या ओळीत होती. पानावरनं उठली, माझ्यासमोर आली. "आता सांगतुयास व्हय रं मुडद्या? आता? मी तिच्या कपाळाला बोट लावलं न्हाई इतकी वर्सं. आता कुटं लावू?" आणि रडायला लागली. मी म्हणालो, "लाव की माज्या तोंडाला काळं." ती म्हणाली, "तुज्या तोंडाला काळं लावून तिला काय मिळनार हाय?" परत जाऊन पानावर बसली, पण जेवली नाही. भातावर हात ठेवून बसून राहिली.

मला वाटलं होतं सुंदरा शिव्या देईल. तिनं सगळ्यांना वाढलं, सगळ्यात शेवटी मला वाढलं. काल जायला निघाली तेव्हा पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात थांबली.

"आबा, मला ठावं व्हतं."

"कुनी सांगितलं?"

"आयेनं. गेल्या साली. मी म्हनले, आत्ता जाऊन इचारते आबाला. तर माजा हात धरला. म्हनाली, इचारू नगंस. त्ये आपनहून सांगत्याल."

मी खाली बघितलं. ती म्हणाली, "लई वाट बघितली आबा तिनं. माज्यापुढं कधी तुमाला वाकडा शबूद न्हाई बोलली. म्हनायची, त्यास्नी वळायला येळ लागतो." मग माझ्या पाया पडली आणि गेली. एस्टी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

आज सकाळी खालच्या आळीचा एक जण आला. पुढच्या सालाला बी ठेवा म्हणाला, गोवेकरणीचं. मी म्हणालो, त्या नावाचं बी माझ्याकडं नाही. तो कणगीकडं बघून म्हणाला, "मग त्यात काय हाय?" मी म्हणालो, "हौसाचं भात." तो गडबडला. म्हणाला, बरं, तेच द्या. द्यायचंच आहे. तू कुणाला नाही म्हणाली नाहीस, मी कोण म्हणणार. पण नाव सांगून देईन, आणि कसं आलं तेही सांगून देईन. ऐकायला वेळ नसेल त्यानं दुसरीकडनं न्यावं.

भिकाजीला पत्र टाकलंय. आधी लिहिलं, भात कापून झालं की येतो. मग ते खोडलं, आणि खाली लिहिलं, कापणी राहू दे, या खेपेला आधीच येतो. तोच खण घेऊन येईन. माझ्या हातानं ओटी भरता येत नसली तर भिकाजीची बायको भरील, मी बाहेर पायरीवर बसेन. पायरीवरच बसायला पाहिजे मला.

भात आता पोटरीला आलंय, लोंब्या अजून काडाच्या पोटात. दुपारी बांधावर जाऊन उभा राहतो. वारं येतं, काडी हलते, लोळत नाही. धरणाचं पाणी समोर, त्याचा काही आवाज नाही. सगळं अगदी स्वच्छ ऐकू येतं, लांबच्या गुराच्या गळ्यातली घंटासुद्धा.

आयुष्य तुटायचं ते तुटू दे. फार काही उरलेलंही नाही. एकदा नावानं हाक मार, हौसा. मी पाठमोरा उभा आहे. पहिल्या हाकेला वळतो.

तुझा
धोंडिबा